स्टोइक मताचा गाभा आणि गुलामाचा प्रश्न

मज्झिमनिकायातील अस्सलायनसुत्तात एक लहानसा, परंतु फार मोलाचा उल्लेख आहे. ब्राह्मण वर्ण जन्मानेच श्रेष्ठ होय, असा दावा घेऊन आलेल्या अस्सलायन या तरुणाला भगवान बुद्ध विचारतात : योन, कम्बोज आणि सीमेवरील इतर जनपदांत दोनच वर्ण असतात, धनी आणि दास, तेथे धनी असलेला दास होतो आणि दास असलेला धनी होतो, हे तुझ्या कानावर आले आहे काय? अस्सलायनाला होकार द्यावा लागतो आणि जन्मसिद्ध श्रेष्ठत्वाच्या त्याच्या दाव्याचा पाया खचतो. योन म्हणजे ग्रीक. ग्रीकांच्या समाजरचनेचा दाखला देऊन तथागतांनी येथे एक मूलभूत गोष्ट दाखवून दिली. दासपणा हा माणसाचा जन्मस्वभाव नव्हे. ती एक स्थिती आहे आणि स्थिती पालटते.

त्याच योनांच्या देशात, अथेन्स नगरीत, इ.स.पूर्व ३०० च्या सुमारास एक नवे तत्त्वज्ञान उदयास आले. त्याने दासाच्या प्रश्नाला निराळेच उत्तर दिले. शहाणा माणूस साखळदंडातही स्वतंत्र असतो आणि मूर्ख माणूस सिंहासनावर बसूनही गुलामच असतो, असे ते उत्तर. स्थिती पालटते असे बुद्ध सांगतात. स्थितीला महत्त्वच नाही असे हे तत्त्वज्ञान सांगते. दोन्ही वचने जन्मश्रेष्ठत्वाचा अहंकार मोडणारी आहेत, हे खरे. तथापि त्यांच्यातील अंतर फार मोठे आहे आणि ते अंतर मोजणे हाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हा विषय आम्ही आजच का घ्यावा, असे वाचक विचारतील. गेल्या काही वर्षांत एपिक्टेटस, सेनेका व मार्कस ऑरिलिअस यांच्या ग्रंथांच्या सुलभ आवृत्त्या जगभर मोठ्या प्रमाणावर वाचल्या जात आहेत. अल्बर्ट एलिस आणि आरन बेक या मानसोपचारतज्ज्ञांनी आपल्या उपचारपद्धतीवरील स्टोइकांचे ऋण मोकळेपणाने मान्य केले आहे. स्टोइक मत म्हणजे पश्चिमेचा बौद्ध विचारच, असेही सांगितले जाते. आपल्या समाजातील शिकलेल्या तरुण-तरुणींच्या हाती ही पुस्तके येतात, आणि ती यावीत. मात्र ज्या समाजाने शतकानुशतके सहनशीलतेचे उपदेश ऐकले, त्या समाजाने सहनशीलतेचे कोणतेही नवे शास्त्र तपासल्याखेरीज स्वीकारू नये. कालामांना उद्देशून केलेल्या उपदेशाचा मथितार्थही हाच आहे.

मताची मांडणी

या मताचा संस्थापक झीनो हा सायप्रस बेटावरील सिटिअमचा. जहाज बुडाल्यामुळे तो अथेन्सला आला आणि तेथे तत्त्वज्ञानाकडे वळला, अशी परंपरा आहे. चित्रांनी सजवलेल्या एका सार्वजनिक स्तंभमंडपात तो शिकवीत असे. स्तंभमंडपाला ग्रीक भाषेत ‘स्तोआ’ म्हणतात. त्यावरून स्टोइक हे नाव पडले. झीनोनंतर धुरा वाहणारा क्लीअँथीझ हा गरीब होता. रात्री बागांना पाणी घालून तो पोट भरी आणि दिवसा अध्ययन करी. तिसरा आचार्य क्रिसिपस याने या मताला शास्त्राचे रूप दिले. त्याने सातशेहून अधिक ग्रंथ लिहिले असे डायोजिनीझ लेअर्टिअस नोंदवतो. त्यांपैकी एकही आज पूर्ण उपलब्ध नाही. रोममध्ये या मताला जे तीन प्रख्यात प्रतिनिधी लाभले, त्यांचे ग्रंथ मात्र टिकले : नीरोचा मंत्री सेनेका, गुलाम म्हणून वाढलेला एपिक्टेटस आणि इ.स. १६१ ते १८० या काळात राज्य करणारा सम्राट मार्कस ऑरिलिअस.

स्टोइकांनी तत्त्वज्ञानाला शेताची उपमा दिली. तर्कशास्त्र हे शेताचे कुंपण, निसर्गशास्त्र ही जमीन आणि नीतिशास्त्र हे पीक. आजचे वाचक बहुधा पीक तेवढे उचलतात आणि जमीन विसरतात. परंतु पीक कसे आले, हे जमीन पाहिल्याशिवाय कळत नाही. म्हणून दोहोंचा विचार केला पाहिजे.

पिकाचे स्वरूप थोडक्यात असे आहे. निसर्गाला अनुसरून जगणे हे माणसाचे ध्येय. माणसाचा निसर्ग म्हणजे विवेक. म्हणून विवेकाने जगणे हेच निसर्गानुसार जगणे. सद्गुण हीच एकमेव चांगली वस्तू आणि दुर्गुण हीच एकमेव वाईट वस्तू. प्रज्ञा, धैर्य, संयम व न्याय हे चार प्रमुख सद्गुण. उरलेले सर्व, म्हणजे जीवन-मरण, आरोग्य-रोग, संपत्ती-दारिद्र्य, कीर्ती-अपकीर्ती, हे ‘उदासीन’ होय. ते स्वतः चांगलेही नाही आणि वाईटही नाही. उदासीन वस्तूंतही स्टोइकांनी एक भेद केला. आरोग्यासारख्या काही वस्तू स्वभावतः घेण्याजोग्या, रोगासारख्या काही टाळण्याजोग्या. शहाणा माणूस आरोग्य निवडतो. परंतु ते मिळाले नाही म्हणून त्याच्या सुखाला बाध येत नाही.

याच सिद्धान्तातून मनाच्या विकारांचा विचार निघतो. दुःख, भय, लालसा आणि सुखोन्माद हे चार मूळ विकार. विकार म्हणजे चुकीचा निर्णय. जी वस्तू वाईट नाही ती वाईट मानली की भय व दुःख जन्मते. जी चांगली नाही ती चांगली मानली की लालसा व उन्माद जन्मतो. निर्णय सुधारला की विकार उरत नाही. एपिक्टेटसने हेच अगदी सोप्या रूपात सांगितले. काही गोष्टी आपल्या अधीन आहेत, काही नाहीत. आपली मते, इच्छा, प्रवृत्ती आपल्या अधीन. शरीर, मालमत्ता, प्रतिष्ठा, सत्तापदे आपल्या अधीन नाहीत. जे अधीन नाही त्यावर जीव टाकणारा माणूस दुसऱ्याचा गुलाम होतो.

जेथे दोन वाटा जवळ येतात

या शिकवणीत बौद्ध वाचकाला ओळखीचे पुष्कळ सापडते आणि ते प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. संयुत्तनिकायातील सल्लसुत्तात दोन बाणांचा दृष्टान्त आहे. शरीराला लागणारी वेदना हा पहिला बाण. त्या वेदनेमुळे शोक करीत बसणे हा दुसरा बाण. अज्ञ माणसाला दोन्ही लागतात, श्रुतवान आर्यश्रावकाला एकच लागतो. सेनेकानेही क्रोधावरील आपल्या ग्रंथात मनाची पहिली आपोआप होणारी हालचाल आणि त्यानंतर मनाने दिलेली संमती यांत भेद केला आहे. वादळात सापडलेल्या जहाजावर एका स्टोइक तत्त्वज्ञाचा चेहरा पांढराफटक पडला, ही हकीकत ऑलस गेलिअसने सांगितली आहे. भय वाटले हा दोष नव्हे; भयाला संमती दिली तर तो दोष, असा त्या तत्त्वज्ञाने पुढे केलेला खुलासा होता आणि त्यासाठी त्याने एपिक्टेटसचाच आधार घेतला.

चित्ताची दक्षता, क्रोधावर संयम, मरणाचे स्मरण, दिवस संपताना स्वतःच्या वर्तनाची झडती घेणे, या साऱ्या गोष्टी सेनेका व मार्कस यांच्या लेखनात आढळतात. म्युसोनिअस रूफस या एपिक्टेटसच्या गुरूने तर स्त्रियांनीही तत्त्वज्ञान शिकावे, मुलींना मुलांसारखेच शिक्षण द्यावे, असे प्रतिपादन केले. धन्याने दासीशी संबंध ठेवणे निंद्य होय, असेही त्याने बजावले. त्या काळच्या रोममध्ये हे बोलण्यास धैर्य लागत होते. झीनोच्या लुप्त झालेल्या एका ग्रंथात देवळे, न्यायालये आणि नाणी नसलेल्या नगराची कल्पना होती, असे जुने लेखक सांगतात. सर्व माणसे विवेकाच्या एकाच धाग्याने जोडलेली आहेत आणि जग ही एकच नगरी आहे, हा विचार युरोपला देणाऱ्यांत स्टोइक अग्रभागी आहेत.

इतके मान्य केल्यानंतर आम्ही मुख्य प्रश्नाकडे वळतो.

जमीन : विश्वाची योजना

स्टोइकांचे विश्व विवेकमय आहे. लोगोस नावाचे दैवी तत्त्व सर्व पदार्थांत भरून राहिले आहे. तेच ईश्वर, तेच निसर्ग, तेच नियती. जे घडते ते कारणांच्या अखंड साखळीने घडते आणि ती साखळी कल्याणकारी आहे. म्हणून जे वाट्याला आले ते स्वखुशीने स्वीकारणे हे शहाणपण. झीनो व क्रिसिपस यांच्या नावावर एक दृष्टान्त सांगितला जातो. गाडीला कुत्रा बांधला आहे. गाडी निघाली की कुत्र्याला दोनच पर्याय. आपल्या इच्छेने मागे चालावे, नाहीतर फरफटत जावे. शहाणा माणूस इच्छेने चालतो.

हा दृष्टान्त वाचताना आमची नजर कुत्र्याच्या चालीवर थांबत नाही, ती त्या दोरीकडे जाते. दोरी कोणी बांधली? गाडी कोणाची? ती सोडता येते काय? हे प्रश्न दृष्टान्तात विचारलेलेच नाहीत, कारण नियतीविषयी ते विचारता येत नाहीत. पण समाजातील पुष्कळ दोऱ्या माणसांनी बांधलेल्या असतात. नियतीची दोरी आणि माणसाने बांधलेली दोरी यांतील भेद ज्या तत्त्वज्ञानात पुसट होतो, त्याचा लाभ गाडीवानाला होतो.

क्रिसिपसवर अन्याय होऊ नये म्हणून त्याचा बचावही येथे नोंदवला पाहिजे. सारे नियत असेल तर रोग्याने वैद्याला बोलावण्याचे कारण काय, असा आक्षेप त्याच्या काळीच घेतला गेला होता. त्याचे उत्तर असे की, बरे होणे नियत असेल तर वैद्याला बोलावणे हेही त्याबरोबरच नियत असते. ढकललेले लाटण दुसऱ्याच्या धक्क्याने हलते, परंतु घरंगळते ते स्वतःच्या गोल आकारामुळे. तसे माणसाचे कर्म बाह्य कारणाने सुरू झाले तरी घडते त्याच्या स्वभावाने. हे उत्तर चतुर आहे. त्यातून जबाबदारी शिल्लक राहते. पण लाटणाला आपला आकार बदलता येतो काय, हा प्रश्न सुटत नाही.

अंगुत्तरनिकायातील तित्थायतनसुत्तात तथागतांनी तीन मतांचे खंडन केले आहे. माणूस जे सुख-दुःख भोगतो ते सारे पूर्वकर्मामुळे, किंवा सारे ईश्वराच्या निर्मितीमुळे, किंवा सारे अकारण, अशी ती तीन मते. खंडनाचा मुद्दा एकच आहे. यांपैकी कोणतेही मत धरले तर हे करावे आणि हे करू नये यासाठी उत्साह आणि प्रयत्न उरत नाही. मक्खलि गोसालाच्या नियतीवादाला तथागतांनी सर्वांत निकृष्ट मतांत गणले, तेही याच कारणाने. स्टोइक मत गोसालाच्या मताइतके ढोबळ नाही. तरीही जे आहे ते कल्याणासाठीच आहे, हा त्याचा विश्वास या कसोटीवर उतरत नाही, असे आमचे मत आहे.

गुलामाच्या घरात

तत्त्वज्ञानाची परीक्षा तत्त्वांच्या यादीत होत नाही, ती व्यवहारात होते. रोमन साम्राज्यात गुलामगिरी हा समाजाचा पाया होता. स्टोइकांनी तिच्याविषयी काय म्हटले?

प्रारंभीच्या स्टोइकांचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. गुलामाला ‘सजीव हत्यार’ म्हणणारा व काही माणसे निसर्गतःच गुलाम असतात असे मानणारा अ‍ॅरिस्टॉटलचा सिद्धान्त त्यांच्या विचारात बसत नव्हता. डायोजिनीझच्या नोंदीप्रमाणे त्यांनी दुसऱ्या माणसावरील धनीपणालाही वाईट म्हटले. क्रिसिपसने गुलामाची व्याख्या आयुष्यभराचा मजूर अशी केली, असे सेनेका सांगतो. सेनेकाचे ४७ वे पत्र तर प्रसिद्धच आहे. गुलाम हीही माणसेच आहेत, एकाच छपराखाली राहणारे सोबती आहेत, त्यांच्याबरोबर जेवण्यात कमीपणा नाही, उद्या तुमच्यावरही तीच पाळी येऊ शकते, असे त्यात त्याने आपल्या मित्राला कळकळीने लिहिले आहे.

परंतु हे पत्र कोणाला लिहिले आहे? धन्याला. त्यात धन्याला दयाळू होण्याचा उपदेश आहे. गुलामाला मुक्त करा, असे संस्थेविरुद्धचे एकही प्रतिपादन नाही. सेनेकाच्या दुसऱ्या एका ग्रंथातील आठवण या बाबतीत बोलकी आहे. गुलामांना वेगळा पोशाख द्यावा अशी सूचना एकदा रोमच्या सीनेटपुढे आली. पण गुलाम आपली संख्या मोजू लागले तर केवढा धोका ओढवेल, हे मग ध्यानात आले. धन्यांना खरी भीती कशाची होती, ते या एका आठवणीत उघडे पडते. गुलामांच्या मनात विकार असल्याची त्यांना चिंता नव्हती; त्यांना एकमेकांची ओळख पटेल याची चिंता होती.

इ.स. ६१ मध्ये रोमचा नगराधिपती पेडानिअस सेकुंडस याचा त्याच्याच एका गुलामाने खून केला. जुन्या रिवाजाप्रमाणे त्या घरातील सर्व गुलामांना ठार करावयाचे होते. ते चारशे होते. त्यांत स्त्रिया होत्या, मुले होती आणि बहुतेक सारे निरपराध होते. सीनेटमध्ये चर्चा झाली. गेअस कॅसिअस या कायदेपंडिताने भीती हाच गुलामांना ताब्यात ठेवण्याचा एकमेव उपाय असल्याचे सांगून शिक्षेचे समर्थन केले आणि त्याचा पक्ष जिंकला. रोमच्या सामान्य लोकांनी रस्त्यावर गर्दी करून, हातात दगड घेऊन विरोध केला. नीरोने दुतर्फा सैनिक उभे केले आणि चारशे जणांना वधस्थानी नेण्यात आले. हा वृत्तान्त टॅसिटसचा आहे. त्या वर्षी सेनेका नीरोचा सल्लागार होता. टॅसिटसच्या या वृत्तान्तात त्याचे नाव येत नाही. ४७ वे पत्र यानंतर काही वर्षांच्या आतच लिहिले गेले. त्यातही या चारशे जणांचा उल्लेख नाही.

स्टोइकांनी करुणेला, म्हणजे दुसऱ्याच्या दुःखाने दुःखी होण्याला, विकारांत गणले होते. शहाण्याने मदत करावी, पण हळहळू नये, असे सेनेका सांगतो. त्या दिवशी रोमच्या रस्त्यावर जे लोक दगड घेऊन उभे होते ते हळहळले होते. तत्त्वज्ञानाने ज्याला दुबळेपणा मानले, तेच निरपराधांच्या बाजूने उभे राहिले.

याला अपवाद होते आणि ते दडवणे योग्य होणार नाही. कुमीचा ब्लोसिअस हा स्टोइक, इ.स.पूर्व १३३ मध्ये जमिनीच्या फेरवाटपासाठी प्राण देणाऱ्या टायबेरिअस ग्रॅकसचा मित्र व सल्लागार होता. पुढे तो आशिया मायनरमध्ये अ‍ॅरिस्टोनायकसला जाऊन मिळाला. अ‍ॅरिस्टोनायकसने आपल्या बंडात गुलामांना स्वातंत्र्याचे आश्वासन देऊन सामील करून घेतले होते. बंड मोडल्यावर ब्लोसिअसने आत्महत्या केली. म्हणजे स्टोइक मताचा माणूस गुलामांच्या बाजूने उभा राहू शकत होता. मात्र सम्राटांच्या रोममध्ये थ्रासिआ पीटस व हेल्विडिअस प्रिस्कस यांच्यासारख्या ज्या स्टोइकांनी जुलमापुढे मान न झुकवता मरण पत्करले, ते सीनेटच्या स्वातंत्र्यासाठी लढले. त्यांचे धैर्य निर्विवाद होते. पण ते ज्या घरांत राहत होते, त्या घरांतील गुलामांचे स्वातंत्र्य हा त्यांच्या लढ्याचा विषय नव्हता.

एपिक्टेटस : गुलामाचा स्वतःचा आवाज

धन्यांचे सोडून देऊ. जो स्वतः गुलाम होता, त्याने काय म्हटले? एपिक्टेटसचा जन्म फ्रिजिआतील हिरापोलिस येथे झाला. नीरोच्या दरबारातील एपॅफ्रोडायटस याचा तो गुलाम होता आणि हा धनी स्वतःही पूर्वाश्रमीचा गुलाम होता. मुक्त झाल्यावर तो तत्त्वज्ञान शिकवू लागला. डोमिशिअनने तत्त्वज्ञांना हाकलले तेव्हा तो निकोपोलिसला गेला आणि तेथे त्याने पाठशाळा काढली. त्याने स्वतः काहीच लिहिले नाही. त्याची प्रवचने अ‍ॅरिअन या शिष्याने टिपून ठेवली.

गुलामावर संतापणाऱ्या धन्याला एपिक्टेटस बजावतो की तो तुझा भाऊ आहे, त्याचा आणि तुझा पूर्वज एकच देव आहे. खरेदीचा कायदा दाखवू नकोस, तो मृतांचा कायदा आहे. हे शब्द एका माजी गुलामाचे आहेत आणि त्यांतील धार आजही बोथट झालेली नाही. परंतु याच एपिक्टेटसने स्वातंत्र्यावर जे सर्वांत दीर्घ प्रवचन केले, त्यात मुक्तीसाठी तळमळणाऱ्या गुलामाचे चित्र निराळे आहे. गुलाम म्हणतो, मुक्त झालो की सुखी होईन. मुक्त होतो आणि पोटासाठी दारोदार फिरतो, नव्या लालसांचा दास होतो. शेवटी त्याला जुने दिवस आठवतात. तेव्हा अन्न-वस्त्र दुसरा देत होता, आजारपणात काळजी घेत होता. तात्पर्य असे की खरी मुक्ती कायद्याने मिळत नाही, मनाने मिळते.

हे तात्पर्य खोटे नाही, पण अपुरे आहे. मुक्त गुलाम उपाशी का राहिला? त्याच्याजवळ जमीन नव्हती, भांडवल नव्हते, नातेवाईक नव्हते. उत्तर त्याच्या मनात शोधण्याआधी त्याच्या हातात पाहावयास हवे होते. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी रोमन गुलामगिरी व अस्पृश्यता यांची तुलना करताना हीच दृष्टी ठेवली. महाराष्ट्र शासनाने १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या ग्रंथमालेच्या पाचव्या खंडात ती तुलना आहे. रोममधील गुलाम वैद्य, शिक्षक, लेखनिक होऊ शकला आणि त्याला सुटकेची वाट होती. अस्पृश्याला विद्येचे दार बंद होते आणि जन्मापासून मरणापर्यंत सुटका नव्हती. बाबासाहेबांनी गुलामाची मनःशांती मोजली नाही. त्यांनी विद्या, उद्योग, संगत आणि सुटका यांची मोजणी केली. एपिक्टेटससारखा विचारवंत गुलामांतून उदयास आला, याचे कारणही त्या मोजणीत सापडते. त्याला गुलाम असतानाच म्युसोनिअसच्या प्रवचनांना जाऊ दिले गेले होते.

इजा आणि हक्क

आता आम्ही मूळ तात्त्विक मुद्द्याकडे येतो. सद्गुण हीच एकमेव चांगली वस्तू असेल, तर तुमचे अन्न, पाणी, शरीर वा मान हिरावून घेणारा तुमचे खरे नुकसान करीतच नाही. तो स्वतःचे नुकसान करतो, कारण तो अन्यायी होतो. शहाण्याला इजा होऊच शकत नाही, हे सिद्ध करण्यासाठी सेनेकाने एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला. अपमान करणारा तुमचा अपमान करीत नाही. हा अपमान आहे हे तुमचे मत तुमचा अपमान करते, असे एपिक्टेटस सांगतो.

या विचाराचा एक अपरिहार्य परिणाम आहे. ज्याला इजाच झाली नाही, त्याला दाद मागण्याचे कारण उरत नाही. स्टोइक न्याय धन्याला कर्तव्य देतो, गुलामाला हक्क देत नाही. धनी चांगला झाला तर स्वतःच्या सद्गुणासाठी होईल. न झाला तर गुलामाने आपल्या मनाचा दुर्ग राखावा. जी वस्तू ‘उदासीन’ आहे, ती न देणे अन्याय कसा ठरतो, असा आक्षेप प्राचीन काळी प्लूटार्कसारख्या विरोधकांनीही निराळ्या रूपांत घेतलाच होता.

२० मार्च १९२७ या दिवशी महाडच्या चवदार तळ्यावर ओंजळभर पाणी घेतले गेले. पाणी ही स्टोइकांच्या यादीत उदासीन वस्तू आहे. त्या ओंजळीने कोणाची प्रज्ञा वाढली नसेल, कोणाचा संयम वाढला नसेल. तरी त्या ओंजळीत माणूसपणाचा दावा होता. अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, १९८९ हा चारचौघांच्या देखत हेतुपुरस्सर केलेल्या अपमानाला गुन्हा ठरवतो. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने अपमान हा अपमानिताच्या मतात नसतो, तो अपमान करणाऱ्याच्या कृतीत असतो. एपिक्टेटसचे सूत्र आणि हे कलम शेजारी ठेवून वाचावे. कोणत्या पायावर न्यायालयात उभे राहता येते, ते वेगळे सांगण्याची गरज नाही.

बुद्धाच्या धम्माचा आरंभ येथेच वेगळा होतो. दुःख आहे, हे त्याचे पहिले विधान आहे. रोग, दारिद्र्य, वियोग हे वाईट नाहीत, फक्त तसे भासतात, असे धम्म म्हणत नाही. दुःखाचे अस्तित्व मान्य करणे आणि ते नाहीसे करण्याचा मार्ग दाखवणे हाच धम्माचा पाया होय, असे बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात ठासून मांडले. दुःख खरे मानले तरच करुणा हा सद्गुण होतो. दुःख भ्रम मानले तर करुणा विकार ठरते. उपेक्खा ही ब्रह्मविहारांत चौथी आहे, एकटी नाही. मेत्ता, करुणा आणि मुदिता तिच्याबरोबर आहेत. करुणेपासून तोडलेली समता स्टोइकांच्या निर्विकारतेसारखी दिसू लागते.

आपल्याही अंगणात

दुसऱ्याच्या घराची झडती घेणाऱ्याने आपले घर बंद ठेवू नये. विनयपिटकातील महावग्गात दासाला प्रव्रज्या देऊ नये असा नियम आहे. तो का झाला, हे तेथील कथेतूनच कळते. पळून आलेल्या दासावरून धन्यांची तक्रार आली होती. संघाला समाजात टिकून राहावयाचे होते. त्याच त्रिपिटकात उपासकाने न करावयाच्या पाच व्यापारांत माणसांसह सजीवांचा व्यापार घातला आहे. सिगालोवादसुत्तात दास-कर्मकरांना शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारात शुश्रूषा करावी, वेळेवर सुट्टी द्यावी, असे धन्याचे कर्तव्य सांगितले आहे. दासांच्या व्यापाराचा निषेध आणि दासाच्या प्रव्रज्येला बंदी, या दोन्ही गोष्टी आपल्या वारशात आहेत. आजचे दुःख हे मागील जन्माच्या कम्माचे फळ, म्हणून ते निमूटपणे भोगावे, असा उपदेश बौद्ध देशांतही झाला. बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथाच्या आरंभीच कम्म, पुनर्जन्म आणि आर्यसत्ये यांच्या रूढ अर्थांविषयी प्रश्न उपस्थित केले, ते याच जाणिवेने. स्टोइकांना आम्ही जो प्रश्न विचारतो तो त्यांनी प्रथम आपल्याच परंपरेला विचारला होता.

म्हणून आमचा निष्कर्ष स्टोइक ग्रंथ फेकून द्यावेत असा नाही. क्रोधाने आंधळे झालेल्या मनाने कोणताही लढा जिंकता येत नाही. तुरुंगात, आजारात, पराभवात मन स्थिर कसे ठेवावे, हे एपिक्टेटसकडून शिकण्यात कमीपणा नाही. सम्राट मार्कसनेही ते एका माजी गुलामाच्या प्रवचनांतून शिकले आणि ती हाती देणाऱ्या गुरूचे आभार आपल्या टिपणांत नोंदवले. पण आपल्या अधीन काय आणि अधीन काय नाही, याची यादी करताना एक सावधगिरी बाळगली पाहिजे. एका माणसाच्या अधीन जे नसते, ते संघटित माणसांच्या अधीन असू शकते. एकट्या अस्पृश्याच्या अधीन चवदार तळे नव्हते. हजारोंच्या अधीन ते झाले. एपिक्टेटसच्या यादीत ‘मी’ आहे, ‘आम्ही’ नाही. त्रिसरणातील तिसरे सरण संघाचे आहे, हे या ठिकाणी स्मरावे.

गुलामांनी आपली संख्या मोजू नये, असे सीनेटला वाटत होते. अस्सलायनसुत्ताने ही मोजणी दुसऱ्या टोकाकडून केली. दास धनी होतो, धनी दास होतो, म्हणून ही स्थिती जन्माची नव्हे. स्थिती जन्माची नसेल तर ती सहन करण्याचे शास्त्र पुरेसे नाही, ती पालटण्याचे शास्त्र हवे. मन सांभाळण्यासाठी स्टोइकांची मदत आपण घेऊ. दोरी मात्र आपणच सोडवावयाची आहे.